पहिल्या फळीतला फत्तर

माझ्या नावापुढे बी.एस्सी. ही अक्षरं लागली ती दिगूमुळे. हजेरीपटावर दिगंबर परब, बाकी सगळ्यांसाठी दिगू. काकांनी घाटकोपरच्या टेकडीवरच्या आपल्या खोलीत मला जागा दिली, कळमनुरीच्या शाळेतल्या गुरुजींनी गणित दिलं, बाबांनी महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठवली. या सगळ्यांचे उपकार मी कुणाहीसमोर मोकळ्या मनाने सांगू शकतो. दिगूचे मला कधी सांगता आले नाहीत. या गोष्टीला चार वर्षं झाली.

मार्च लागला की टेकडीवर सगळं बदलतं. नळाची धार बारीक होते. पत्रे सकाळी दहालाच तापतात. विहाराच्या ओट्यावर मुलं पुस्तकं घेऊन बसतात, कुणी मोठ्याने पाठ करतं, कुणी नुसते ओठ हलवतं. दुपारी गल्लीत कुणी रेडिओ लावत नाही, कारण चार घरं सोडून कुठे तरी एक परीक्षेचं पोर असतंच. ट्रॉम्बेच्या बाजूला रसायनांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. संध्याकाळी चढण चढून येताना एखादा मुलगा हाक मारतो, दादा, एवढं गणित बघा ना. मी बसतो. त्याच्या हातातलं लॉग टेबल घेतो आणि आधी शेवटचं पान उघडून पाहतो. तिथे पेन्सिलीने काही खरडलेलं असलं तर त्याला ते पान फाडायला लावतो. मुलं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना ती माझी लकब वाटते.

पंच्याऐंशी सालचा उन्हाळा. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो आणि दर रविवारी दुपारी मुलुंड पूर्वेला, एका सोसायटीतल्या बालवाडीच्या वर्गात जमत होतो. वर्ग सुबोधच्या आईचा, म्हणून किल्ली सुबोधकडे. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत. खाली गुडघ्याएवढ्या खुर्च्या. त्यांच्यावर बसलं की आपले गुडघे आपल्याच हनुवटीला लागायचे. खडूचा, तेलकट रंगांचा आणि कोपऱ्यातल्या ओल्या चिकणमातीचा वास यायचा. सुबोध, त्याची अकरावीतली बहीण विद्या, दिगू आणि मी, असे आम्ही चौघंच.

सुबोधचा मामा जहाजावर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. पुस्तक खेळाचं होतं, पण त्याला ना पट होता ना सोंगट्या. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून पाण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं: मी मशाल पेटवतो, मी आत डोकावतो. घाव बसला का आणि किती बसला, हे आकड्यावर ठरायचं. गोष्ट सुबोध सांगायचा, त्यामुळे राक्षसही त्याचेच. आम्ही तिघं गुहेत शिरणारे.

पुस्तक सांगत होतं की वीस बाजूंचा फासा घ्या. असला फासा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. मग सुबोधच्या घरच्या हाऊजीच्या डब्यातले एक ते वीसचे आकडे काढले आणि विद्याच्या शिवणाच्या पिशवीत घातले. राक्षस घाव घालणार असला की सुबोध पिशवीत हात घालून एक आकडा काढी. मोठा आकडा, मोठा घाव. वीस आला तर दुप्पट.

इथे आमची एक चूक झाली. हाऊजीत एकदा काढलेला आकडा परत डब्यात टाकत नाहीत. आमच्या हातांना तीच सवय. काढलेला आकडा फरशीवर बाजूला ठेवायचा, वीसच्या वीस संपले की सगळे पुन्हा पिशवीत भरायचे. फाशाला मागचं काही आठवत नाही, तो दर वेळी नव्याने पडतो. आमच्या पिशवीतलं नशीब मात्र वापरून संपत होतं. मोठे आकडे एकदा बाहेर पडले की पुढचे सगळे घाव हलके. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हे स्वप्नातही आलं नसेल. आमच्यापैकी हे फक्त माझ्या लक्षात आलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

माझ्या पात्राचं नाव फत्तर. बाबा बांधकाम खात्यात मैलकुली आहेत, रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडतात, खड्डे बुजवतात. त्यावरून ते नाव सुचलं. विद्याने लगेच विचारलं होतं, "नावाला फत्तर की डोक्याला?" मी दोन्हीला म्हटलं, आणि ते खरंच होतं. पात्र बनवताना ठरावीक गुण वाटून द्यावे लागत: ताकद, चपळाई, अक्कल, बोलण्याची छाप, चिवटपणा. मी अक्कल आणि छाप यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच ठेवलं नाही. सगळं चिवटपणात ओतलं, उरलंसुरलं ताकदीत.

पुढे उभा राहणारा माणूस टिकाऊ कसा करायचा, याचं मला वेड लागलं होतं. ते पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. तलवार लहान चालेल, ढाल मोठी हवी. चिलखत साखळ्यांचं, जड. त्यात पळता येत नाही, पण आपल्याला पळायचंच नाही. मोकळ्या जागेत लढायचं नाही. दार, बोळ, पूल असली अरुंद जागा गाठायची, म्हणजे एका वेळी एकच अंगावर येतो. शत्रू पळाला तर त्याच्या मागे धावायचं नाही, आपण हललो की मागचे उघडे पडतात. जखमेवरचं औषध अगदी शेवटी प्यायचं नाही, अर्धा जीव शिल्लक असतानाच प्यायचं. आणि आरडाओरडा करून, राक्षसाच्या आईबापाचा उद्धार करून त्याचं लक्ष आपल्यावरच खिळवून ठेवायचं, कारण मागे जे उभे असतात त्यांच्या अंगावर साधा सदरा असतो. सुरुवातीला मला वाटायचं, ज्याला लागत नाही तो टिकाऊ. खेळता खेळता समजलं की लागतं सगळ्यांना. लागल्यानंतर जो आणखी एक फेरी उभा राहतो तो टिकाऊ. त्या एका फेरीत मागच्यांचं काम होऊन जातं.

आता लिहिताना कळतं की मला याची एवढी ओढ का होती. काकांच्या खोलीत मी सगळ्यांच्या आधी उठत असे, माझी वळकटी काकूच्या पायात येऊ नये म्हणून. कॉलेजात इंग्रजीतून प्रश्न विचारला की मान खाली. लायब्ररीच्या खिडकीपाशी कुणीही मला बाजूला सारून पुढे जाई आणि मी जाऊ देई. फक्त त्या बालवाडीत, त्या बुटक्या खुर्चीवर, मी पुढे असायचो. माझ्या पाठीमागे लपायला लोक होते.

माझ्या पाठीमागे म्हणजे मुख्यतः दिगू. त्याचं पात्र मांत्रिकाचं, नाव बुवा. मांत्रिकाचा जीव एवढासा, एका घावात आडवा. त्याने मागे थांबायचं, मंत्र टाकायचे, हा नियमच. पण दिगू मागे थांबतच नसे. गुहेत काही चमकलं की बुवा माझ्या ढालीखालून वाकून पुढे. पहिला बुवा विहिरीत पडून मेला. दुसऱ्याला कोळ्याने गुंडाळलं. तिसरा बुवा तर राक्षसाशी बोलणी करायला गेला होता. प्रत्येक वेळी दिगू नवा कागद घेई आणि वर लिही: बुवा दुसरो, बुवा तिसरो. सुबोध वैतागून म्हणे, अरे यार, जरा तरी जगव त्याला. दिगू म्हणे, त्याच्या नशिबातच नाय.

दिगूचं घर मुलुंडलाच, स्टेशनापासून लांब, बैठ्या चाळीत. त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात माग चालवत. गिरण्यांचा संप झाला, आणि तो संपला की नाही हे त्यांना कुणी धड सांगितलंच नाही. गिरणीने परत बोलावलं नाही एवढं खरं. मी त्यांच्याकडे जाई तेव्हा ते पाळीच्या वेळेला धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून दारात बसलेले असत. पाळी संपायच्या वेळी उठत आणि शर्ट काढून खुंटीला लावत. आई लग्नाच्या हॉलमध्ये पोळ्या लाटायला जाई. दिगू पास झाला की घर उभं राहील, हे त्या घरात न बोलता ठरलेलं होतं. आमच्याकडे माझ्याबद्दलही तसंच ठरलेलं होतं. दोघंही सारखेच अडकलेले.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही एका पुलावर होतो. पलीकडे एक धिप्पाड राक्षस. फत्तर पुलाच्या मध्यावर, ढाल रोवून, जागा अगदी हवी तशी. पण पिशवीत तीनच आकडे उरले होते आणि वीस अजून बाहेर आला नव्हता. हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, फत्तर दोन पावलं मागे येतो, औषध पितो. जीव अर्ध्याहून जास्त होता, औषधाची काही गरज नव्हती. माझ्या जागी बुवा पुढे झाला. सुबोधने हात घातला आणि वीस निघाला.

दिगू हसला. चौथा बुवाही गेला. विद्या मात्र हसली नाही. ती फरशीवर मांडलेल्या आकड्यांकडे बघत होती. एकेका आकड्यावर तिने बोट ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू मोजतोस," ती म्हणाली. "तू पुढे कधी उभा राहतोस ते आता कळलं मला. मोठं काही यायचं नसतं तेव्हा."

सुबोधला आधी समजलंच नाही, समजल्यावर त्याने डोक्याला हात लावला, म्हणजे महिनाभर वाट लागली होती म्हणायची खेळाची. दिगूने माझी बाजू घेतली. मोजता येतं त्याने मोजू नये काय, असं तो म्हणाला, आपल्याला कुठे येतं, म्हणून तर आपण मरतो. आणि पिशवी उचलून त्याने सगळे आकडे परत आत टाकले. तो विषय त्याच्यापुरता तिथे संपला.

आकडे मी डोक्यात ठेवत नव्हतो, लिहून ठेवत होतो. कागद कुठून आणायचा दर वेळी? माझ्या लॉग टेबलाचं शेवटचं पान कोरं होतं. त्यावर एक ते वीसच्या रांगा, निघालेल्या आकड्यांवर काट. शेजारी फत्तरचे गुण, पुस्तकातल्यासारखे इंग्रजी अक्षरांत: St 15, Cn 18, Ac 3, म्हणजे ताकद, चिवटपणा, चिलखत. पेन्सिलीने लिहिलेलं, खोडून टाकू म्हणून. खोडरबराने खोडलंही होतं एकदा, पण दाबून लिहायची सवय असल्याने सगळं वाचता येत होतं. लॉग टेबलाचं मुखपृष्ठ आधीच फाटलेलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

परीक्षेचं केंद्र अंधेरीला होतं. एप्रिल, कौलारू हॉल, वर तीन पंखे, त्यातला एक बंद. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने पाईकराव आणि परब यांच्यामध्ये आमच्या वर्गात कुणीच नव्हतं, म्हणून मी पुढे आणि दिगू माझ्या मागच्या बाकावर. फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर. दिगूचं लॉग टेबल त्याच्या धाकट्या भावाने शाळेत नेऊन हरवलं होतं. हॉलमधल्या सरांना विचारून आम्ही माझंच दोघांत वापरत होतो. सर सभ्य होते, स्वतःच इकडून तिकडे नेऊन देत होते. तासाभराने ते दिगूच्या बाकावर होतं, आणि कॉपी पकडणारं स्क्वॉड आत आलं.

तिघं जण होते. त्यांतल्या एका प्राध्यापकांनी रांगेतून जाता जाता दिगूच्या बाकावरचं लॉग टेबल उचललं आणि चाळलं. शेवटच्या पानाशी थांबले. मला पाठीमागचं दिसत नव्हतं. पान वळल्याचा आवाज आला, मग तो थांबला, एवढंच. त्यांनी विचारलं, हे काय आहे. त्यांनी ते पान उजेडाकडे धरलं असावं, कारण मोठ्याने वाचलं: एस टी, सी एन, ए सी. केमिस्ट्रीच्या पेपरात ही अक्षरं, पुढे आकडे, खाली काट मारलेल्या रांगा. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

"कुणाचं हे?"

"माझा, सर," दिगू म्हणाला.

मी लिहीत होतो. अर्ध्या आयुष्याचं गणित होतं, एखादा पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ लागतो त्याचं. पेन थांबलं नव्हतं. मी विचार करत होतो की हॉलमधले सर सांगतील, पुस्तक दोघांत आहे. त्यांच्याकडे पाहिलं, ते घाबरून भिंतीपाशी उभे होते. मग वाटलं, दिगू स्वतःच सांगेल. तो म्हणत होता, खेळ आसा सर, खेळाचो कागद, आणि घरची भाषा त्याच्या तोंडी आली तेव्हा मला कळलं की तो किती घाबरलाय. मग वाटलं, पेपर संपला की आपण जाऊन सांगू, तेव्हा शांतपणे ऐकून घेतील. एकामागून एक मी हे बाजूला मांडत गेलो. दिगूच्या हातातून उत्तरपत्रिका काढून घेतल्याचा आवाज आला. त्याला उठवून नेलं. तो माझ्या बाकाला घासून गेला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी हाक मारली असती तर तो थांबला असता, एवढ्या जवळून गेला.

लॉग टेबलही ते घेऊन गेले. पण त्या गणिताला दोनचाच लॉग लागत होता, आणि तो मला पाठ होता. शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य. उत्तर बरोबर आलं.

पेपरनंतर तो आवारातल्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, सही झाली होती. मी म्हटलं, चल, आपण सांगू, ते माझं आहे. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. दिगूने चप्पल काढून तळव्याला टोचणारा खडा काढला, परत घातली.

"एकाचा गेला तां गेला," तो म्हणाला. "दोघांचा कित्याक घालवतस? तू गप र्‍हव." आणि मग, "बुवा पाचवो गेलो."

मी गप्प राहिलो. त्याने सांगितलं म्हणून राहिलो, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण त्याने सांगायच्या आधीही मी गप्पच होतो, हॉलमध्ये, सबंध दीड तास.

बालवाडीत आम्ही पुन्हा जमलो नाही. दिगूची ती परीक्षा रद्द झाली आणि पुढच्या परीक्षांना बसायची बंदी आली. सुबोध म्हणाला, मी पुस्तक घेऊन कॉलेजात जातो, दाखवतो खेळ काय असतो तो. मी त्याला थांबवलं. निकाल लागू दे, म्हटलं. निकाल लागला, सेकंड क्लास. कळमनुरीला बाबांनी रस्त्यावरच्या गॅंगमध्ये पेढे वाटले. मग म्हटलं, नोकरी लागू दे. नोकरी लागली, तेव्हा म्हटलं, पर्मनंट होऊ दे. सुबोधने विचारायचं सोडून दिलं. विद्याने तर त्याआधीच माझ्याशी बोलणं सोडलं होतं. रस्त्यात दिसली की ती फुटपाथ बदलत असे, आणि मला त्यात सुटल्यासारखं वाटे.

दिगू आईवडिलांना घेऊन कुडाळजवळ त्यांच्या गावी गेला. तिथे काजूच्या कारखान्यात लागला. मागच्या गणपतीत मी त्याच्याकडे जाऊन आलो. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला जाळतं. त्याची बोटं काळी पडून सोलली होती, भात कालवताना तो दोनच बोटं वापरत होता. त्याची भाची माझ्या मांडीवर बसून विचारत होती, तू किती शिकलास, मी सांगितलं. मग तिने मामाला विचारलं. "बारावी," दिगू म्हणाला, सहज, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवत. कॉलेजातली तीन वर्षं त्याने माझ्यासमोर, मला अवघड वाटू नये म्हणून, पुसून टाकली. त्याच्या वडिलांनी तिथेही धुतलेला शर्ट घातला होता.

त्या घरातून निघताना तरी मी बोलायला हवं होतं. मी त्याच्या आईच्या पाया पडलो आणि एस.टी. पकडली.

मग या फेब्रुवारीत त्याचं कार्ड आलं. बंदी संपली, म्हणून त्याने कॉलेजकडे परीक्षेचा फॉर्म मागितला होता. उत्तर आलं की नोंदीत कॉपीची केस असल्यामुळे चारित्र्याचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय फॉर्म घेता येणार नाही. त्याने ते गंमत म्हणून लिहिलं होतं. "माझं चारित्र्य तुमच्या मुंबईत अडकलंय, तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर सोडवून आण." खाली भाताचं, पावसाचं, कुत्र्याला पिल्लं झाल्याचं. त्याने कुठेही मला काही मागितलं नव्हतं.

दिवाळीपासून मी पर्मनंट आहे. आता काही होऊ द्यायचं उरलं नव्हतं.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला. पदवी गेली तर नोकरी जाईल हे त्यांना लगेच कळलं, मला समजवावं लागलं नाही. ते रागावले ते वेगळ्याच गोष्टीला. "चार वर्षांनी तोंड उघडायचं होतं तर बंद कशाला ठेवलं होतंस?" एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी एवढंच शिकलोय की जो कधी सगळ्यात मोठ्या घावासमोर उभाच राहिला नाही, त्याच्या अंगावर जखम नसते, आणि लोक त्यालाच टिकाऊ समजतात. फत्तर तसाच होता. त्याला एकदाही मरण आलं नाही. दिगूचे चार बुवा मेले, पण प्रत्येक जण पुढे जाताना मेला, आणि पाचव्या वेळी तर खेळही नव्हता.

सुबोध आता बॅंकेत आहे. त्याने अर्धा दिवस रजा टाकली. विद्या अंधेरीहून कामावरून परस्पर आली, खेळाचं ते जाड पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून. कॉलेजच्या फाटकाशी ती मला म्हणाली, "उशीर झालाय. पण चल." चार वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढचं सगळं दिगूला लिहिलं आहे. ते पत्र परवा पोस्टात टाकलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती इथे देतो.

घाटकोपर

प्रिय दिगू,

सप्रेम जय भीम.

आजवरच्या पत्रांत तुला कारखान्याचं लिहिलं, काकूच्या गुडघ्याचं लिहिलं, पावसाचं लिहिलं. एक वाक्य लिहिलं नाही, ते आज सगळ्यांत आधी लिहितो. लॉग टेबल माझं होतं. शेवटच्या पानावरचं अक्षर माझं होतं. तुला उठवलं तेव्हा मी तुझ्या पुढच्या बाकावर बसून पेपर लिहीत राहिलो.

मंगळवारी हे सगळं प्राचार्यांना लेखी दिलं. साक्षीदार म्हणून सुबोध आणि विद्याने सह्या केल्या. विद्याने त्यांच्या टेबलावर पुस्तक उघडून St म्हणजे काय, Cn म्हणजे काय, ते एकेक दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, तुमची पदवी धोक्यात येईल, कळतंय ना? मी हो म्हटलं. अर्ज विद्यापीठाकडे जाईल. चौकशी पुन्हा उघडेल की नाही, कुणाला सांगता येत नाही. उघडली तर तुला बोलावतील. तेव्हा पुन्हा माझा म्हणू नकोस. एवढं एकच तुझ्याकडे मागतो.

मला माफ कर, असं एकदा लिहिलं आणि खोडलं. तू उलट टपाली माफ केलं म्हणून कळवशील, मला बरं वाटेल, आणि तुझी चार वर्षं आहेत तिथेच राहतील. म्हणून ते मागत नाही.

बाबांना कळवलं. त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून दोन ओळी लिहून पाठवल्या, की रस्त्याचं काम अजून चालू आहे, यायचं तर ये. रागाने लिहिलंय की मायेने, समजलं नाही. तुझ्या वडिलांना हे पत्र वाचून दाखव. त्यांच्या मुलाने कॉपी केली नव्हती, हे त्यांना माझ्या अक्षरात कळायला हवं.

सोबत परीक्षेचा फॉर्म आहे. दाखल्याशिवाय घेणार नाही असं कारकुनाने बजावलं, पण कोरा द्यायला त्याची हरकत नव्हती. विषय, केंद्र, पत्ता, सगळं भरून पाठवायचं मनात होतं, पेनही उघडलं होतं. मग ठेवून दिलं. मागच्या वेळी माझी वस्तू तुझ्या नावावर लिहिली गेली आणि मी ती तशीच राहू दिली. या कागदावर तुझं नाव तू लिही. नाही लिहावंसं वाटलं तर नको लिहूस. माझा अर्ज मी तरीही मागे घेणार नाही.

तुझा,
उत्तम पाईकराव